आजीची जागा धरून बसलो ते दिवस

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात बी.ए. करत होतो आणि मागासवर्गीय मुलांच्या सरकारी वसतिगृहात राहत होतो. गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं. तिथल्या बौद्धवस्तीत आमचं घर. वडील उसाला पाणी पाजायला, भांगलायला, तोडीला, मिळेल त्या कामाला जायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. राहणं-जेवणं सरकारचं, पुस्तकं गावातल्या शाळेच्या सरांनी दिलेली आणि अंगातला स्वेटर वसतिगृहातून पास होऊन गेलेल्या एका मुलाचा. इतक्या लोकांनी हात लावल्यावर माणूस वर येतो, हे मला तेव्हाही कळत होतं. आपणही कुणाला काही द्यावं असं फार वाटायचं. द्यायला माझ्याजवळ हातपाय आणि मोकळी दुपार एवढंच होतं.

ते कुठे द्यायचं, हे मला दाखवलं वर्गातल्या एका मुलानं. तो शिवाजी पेठेतला, तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. उंच, आवाजानं मोठा आणि अभ्यासात माझ्या वह्यांवर अवलंबून. थंडी सुरू झाली की त्यांच्या तालमीतली पोरं रविवारी घरोघर फिरून भाकऱ्या, भाजी, जुनी चादर, स्वेटर गोळा करायची आणि पेठेपासून स्टँडपर्यंत उघड्यावर राहणाऱ्या माणसांना नेऊन द्यायची. "तू पण ये की," तो म्हणाला, "तुला माणसांशी गोड बोलायला येतंय. आमी बोलाय लागलो की लोकांना वाटतंय भांडाय आल्यात."

मी जायला लागलो, आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी आजीच्या पायाकडे माझं लक्ष गेलं.

ही आजी पेठेतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर राहायची. दोघा भावांचा कोर्टात वाद चाललेला, त्यामुळे दुकानाचं शटर कित्येक वर्षं उघडलं नव्हतं आणि पायरीवरून उठवायला कुणी येत नव्हतं. वर पत्र्याची पडवी, चार पावलांवर नळ, समोर पिठाची गिरण. गिरणीतल्या माणसांची दिवसभर सोबत, आणि थंडीत संध्याकाळचं ऊन नेमकं पायरीवर. तिच्या उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. ते सोडलं तेव्हा गोलकीपरनं तोंड फिरवलं. साखरेच्या आजारानं जखम अंगठ्यापासून वर सरकली होती.

त्याच दिवशी आम्ही तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की इथं राहून रोज मलमपट्टी आणि इंजेक्शनं घेतली तर पाय राहील. नाहीतर गुडघ्यापासून काढावा लागेल, तोही लवकरच. आम्ही तिला खाट मिळवून दिली, फळं ठेवली आणि मोठं काम केल्याच्या आनंदात परतलो.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर पेठेत गेलो तर आजी पायरीवर. पायाला दवाखान्याचं पांढरं बँडेज, त्याला रस्त्याची माती.

"आजी, पळून आलीस?" गोलकीपर ओरडला.

"वरडू नगंस. भैरी न्हाय मी."

"आगं, पाय जाईल तुजा!"

"आनि जागा गेली तर?" आजी म्हणाली. "पाय काय, एकावर बी बसतो मी. पर कशावर बसू? तुमच्या मांडीवर?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बेघर माणूस म्हणजे ज्याला जागाच नाही तो, असं आम्ही धरून चाललो होतो. ही पायरी मिळवायला आजीला काय काय करावं लागलं होतं ते तिनं त्या दिवशी सांगितलं. आधी ती देवळाच्या बाजूला, मग मंडईच्या मागे, मग एका वडाखाली. प्रत्येक ठिकाणाहून कुणी ना कुणी उठवलेली. एकदा ताप आला म्हणून धर्मशाळेत जाऊन पडली आणि परत आली तर वडाखाली दुसरं बिऱ्हाड. आता या पायरीवरून ती हलणार नव्हती.

"मग आमी धरतो की तुजी जागा," गोलकीपर म्हणाला.

"धरचाल? खेळाय गेलासा की इसरचाल."

"तालमीची आन. न्हाई इसरत."

पहिला प्रयोग अगदीच बावळट होता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं आम्ही आजीचं पोतं आणि स्वयंपाकाची तवली पायरीवर मांडून ठेवली आणि तिला परत दवाखान्यात पोहोचवून आलो. संध्याकाळी बघतो तर पोतं खाली गटारीकडेला आणि पायरीवर काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ ऐसपैस बसलेले.

"ओ पावणं," गोलकीपर म्हणाला, "हितं माणूस हाय."

"कुठं हाय?"

"दवाखान्यात हाय."

"मग हितं न्हाई की."

"हितंच हाय ओ! येनार हाय ती."

"आल्यावर उठतो."

त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांनाही रात्र काढायची होती. गोलकीपर त्यांना तालमीत घेऊन गेला, तिथल्या वस्तादांशी बराच वेळ हुज्जत घातली आणि मागच्या पडवीत, जिथं जुनी जाळी आणि मॅट ठेवलेली असत, तिथं त्यांची पथारी लावून दिली. परत येऊन मला म्हणाला, "रुमाल टाकून एसटी मिळंल भावा, पायरी न्हाय मिळत. बसायला लागतंय."

म्हणून आम्ही बसलो. रात्री तालमीतली पोरं पायरीवर झोपायला यायची, दोघं-दोघं आळीपाळीनं. सकाळी कुणाचातरी शाळकरी भाऊ, आणि दुपार माझी, कारण माझं कॉलेज सकाळचं होतं. गोलकीपरची आई रोज दुपारी आजीचा डबा घेऊन दवाखान्यात जायची आणि खाटेजवळ उभी राहून आज पायरीवर कोण कोण बसलंय ते सांगायची. ते ऐकल्यावरच आजी जेवायची.

पायरीवर बसणं मला अवघड गेलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. उभ्या माणसाला बसलेला माणूस दिसत नाही. लोक माझ्या पुस्तकावर पाय पडेल इतक्या जवळून जायचे. शेजारच्या बोळातली एक बाई एकदा थांबून दुसरीला म्हणाली, "चांगल्या घरातलं दिसतंय की गं पोरगं. डोक्यावर परिणाम झाला असंल." मी इतिहासाचं पुस्तक वर करून दाखवलं, तर म्हणाली, "बघ, म्हटलं न्हवतं? शिकून शिकून झालंय." तरी दोन दिवसांत सवय झाली. वसतिगृहात एका खोलीत आम्ही सहाजण होतो. माझा तिथल्यापेक्षा जास्त अभ्यास पायरीवर झाला आणि त्या वर्षी इतिहासात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले.

अडचण दुसरीकडून आली. आमच्या गावचे एक काका दुधाचा टेम्पो घेऊन कोल्हापुरात यायचे. एका दुपारी टेम्पो पायरीसमोर थांबला.

"आरं, तू काय करायलायस हितं?"

"जागा धरलीय काका."

"कुनाची?"

"एका आजीची. दवाखान्यात हाय ती."

काकांनी माझ्याकडे बघितलं, बाजूच्या तवलीकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि टेम्पो पुढे काढला. गावात त्यांनी काय सांगितलं असेल ते मला रविवारी कळलं.

रविवारी तालमीची मॅच होती. झाडून सगळी पोरं मैदानावर, त्यामुळे सकाळपासून मी एकटाच बसलो होतो. बाराच्या सुमारास बोळाच्या तोंडाशी धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर टॉवेल दिसला. आबा होते. माझ्या वडिलांना मी आबा म्हणायचो. ते तडक पायरीसमोर येऊन उभे राहिले.

"ऊठ," म्हणाले.

"आबा, ऐका तरी..."

"माझा आजा लोकांच्या पायरीखाली बसला. बा बसला. म्या बी बसलो, मालकानं भायेर यून मजुरी टाकस्तवर. तू बसू नगंस म्हणून तुला शिकिवलं. आनि तू हौसंनं बसलायस?"

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. मी आयुष्यात वडिलांना उलट बोललो नव्हतो. ते म्हणत होते त्यातला एकही शब्द चूक नव्हता. मी फक्त एवढंच म्हणालो, "मी उठलो तर एका बाईचा पाय जाईल, आबा."

मग सगळं सांगितलं. जखम, डॉक्टर, तिचं पळून येणं, वडाखालचं बिऱ्हाड. आबा टॉवेलनं मान पुसत उभेच होते, तेवढ्यात समोरच्या गिरणीतून हाक आली. गिरणीत फोन होता.

"आरं ए कॉलेज! तुमची आजी गाठोडं घिऊन दवाखान्याच्या फाटकात हुबी हाय म्हणं! डबा घिऊन गेलेल्या वैनींचा फोन हाय. लवकर या म्हणत्यात, माझ्याच्यानं धरवंना."

कुणीतरी तिला सांगितलं होतं, की आज मॅच आहे आणि पेठेतली सगळी पोरं मैदानावर आहेत. मी अर्धा उठलो आणि तसाच थांबलो. मी गेलो तर पायरी रिकामी. न गेलो तर आजी तासाभरात त्या पायानं चालत इथं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल पायरीवर अंथरला आणि बसले.

"जा की. बघत काय हुबारलायस? म्या हाय."

मी पळालो. दवाखान्याच्या फाटकात आजी गाठोडं काखेत मारून उभी होती आणि गोलकीपरची आई तिचा दंड धरून. मला बघितल्याबरोबर आजीचा आवाज चढला.

"बगा! हा हितं आलाय, म्हंजे तितं कोन न्हाय!"

"आहे आजी. माझे वडील बसलेत."

"खोटं. तुजा बा गावाला असतोय. तूच सांगितलंयस."

"आजच आलेत. मला घरी न्यायला आलेत."

"न्याय आलाय आनि बसलाय?"

"हो."

आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पोरांचा शब्द तिनं आयुष्यात बरेचदा ऐकला असणार. गावाहून एसटीनं आलेला पोराचा बाप तिच्या पायरीवर बसलाय, ही गोष्ट तिच्या हिशेबात कुठे बसत नव्हती.

"भाकरी खाल्ली का त्यानं?"

"न्हाई अजून."

"मग हितं काय करतोस माझ्या म्होरं? बाला उपाशी बशीवलंस! जा, खाया घाल जा त्येला." आणि गाठोडं गोलकीपरच्या आईच्या हातात देऊन, तिच्या खांद्याला धरून, ती लंगडत खाटेकडे निघाली.

मी परत आलो तेव्हा पायरीसमोर वेगळाच प्रकार चालला होता. स्कूटरवरचे एक गृहस्थ जाता जाता आबांपुढे काही नाणी टाकून निघाले होते आणि आबा उभे राहून त्यांना हाका मारत होते.

"ओ पावणं! तुमचं पैसं पडलं!"

"राहू द्या आजोबा, तुम्हालाच दिलेत."

"मला? कशाबद्दल? म्या काय काम केलं तुमचं?"

आबांनी नाणी उचलली, जवळ जाऊन त्यांच्या हातावर ठेवली आणि परत येऊन बसले. गिरणीतली माणसं काम थांबवून बघत होती. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण आबांच्या मिशीत हसू होतं.

"लई सोपं काम हाय की रं हे. उसात येवढ्याला पाठ मोडतीया." मग गंभीर झाले. "गेली का ती बाई?"

"गेली खाटेवर. तुम्ही जेवलात का विचारत होती."

गोलकीपरच्या आईनं दवाखान्यातून घरी परतल्यावर सांगितलं असावं, कारण तिची मुलगी ताट घेऊन आली. आबा पायरीवर मांडी घालून जेवले आणि शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत बसले. मधल्या वेळेत त्यांनी मला इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचायला लावला. मॅच जिंकून पोरं गुलालानं माखून आली तेव्हा सगळी आबांच्या पाया पडली. आबा अवघडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. जागा संभाळा."

त्यांनी मला घरी नेलं नाही. तो विषयही पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आजीनं पळायचा प्रयत्न केला नाही. दोन बोटं काढावी लागली, पण पाय राहिला. पुढच्या हिवाळ्यापासून कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की आम्ही आधी त्याच्या जागेवर कोण बसणार ते ठरवायचो, आणि मगच रिक्षा बोलवायचो. त्यामुळे आमच्याकडून गेलेलं माणूस सहसा अर्ध्यावरून परत आलं नाही. हे आम्ही नीट केलं, असं मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

आजी सुटली त्या दुपारी आम्ही सगळे पायरीपाशी जमलो होतो. रिक्षातून ती काठी टेकत उतरली, दोन्ही पायांवर. पायरीवर बसलेला गोलकीपर उठून बाजूला झाला. आजीनं वाकून फरशीवरून हात फिरवला.

"धुतलीसा व्हय?"

"व्हय आजी. चकाचक."

"गार लागंल की आता."

मग ती हळूच टेकली, पाठ शटरला लावली, बँडेजचा पाय लांब केला. आम्ही तिच्याभोवती उभेच. कुणाला जावंसं वाटत नव्हतं. आजीनं मान वर करून आम्हाला एकेकाला बघितलं.

"आता का हुबा हायसा? जावा की. माझ्या दारात गर्दी करू नगा."