मशीनचा आवाज

चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनची चावी फिरवणारा एक वॉर्डबॉय होता. तोंडात तंबाखूचा खर्रा, तरी बडबड थांबे नाई. माह्या बायकोले नवी मशीन लावली. श्वास कमी पडला का ती स्वतःच ऑक्सिजन वाढवे.

"मामीजी, ह्या सवतीनं माह्यी चावी हिसकली!" तो म्हणे. बायको मास्कातून हसे.

एका दुपारी मशीनचा आवाज वाढला. "पाय, हिच्या श्वासाले जोर आला," मी म्हणालो. त्यानं तिची नाडी धरली. मशीन बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाई.

"काऊन रे, गप्प झाला?"

"मामाजी, पोरगी आरमोरीवरून निघाली ना? येऊ द्या तिले."

पोरगी आली. आईचे थंड पाय धरून रडली. तेव्हा त्यानं बटण दाबलं.

दुपारभर त्या आवाजालेच मी बायको समजत होतो.