तीन निरीक्षणं मी पाठवली नाहीत

मंडळी, आज शाळेतली तीन मुलं माझ्यावर रुसली आहेत. रुसू देत.

बिबवेवाडीतल्या आमच्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण आहे. तेज कमीजास्त होणाऱ्या एका ताऱ्याकडे मुलं तिच्यातून पाहतात, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याच्या तेजाचा आकडा ठरवतात आणि मी तो संशोधकांना पाठवते. ते तो खरोखर वापरतात.

काल संध्याकाळी चौघांचा आकडा एकच आला, सानिकाचा वेगळा. आज पाठवण्याआधी ओजस तिला म्हणत होता, "अगं, बदल ना! शाळेचं हसं होईल." तिने खोडरबर उचललाही होता.

मी विचारलं, "चौघांना अगदी सारखंच कसं दिसलं?"

"मॅडम, ओजसने आधी बघून आकडा सांगितला. मग आम्हालाही तसंच दिसलं."

"आणि तुला गं?"

"मी पाणी प्यायला गेले होते. मला ऐकूच आलं नाही."

मी ओजसचा आणि सानिकाचा आकडा पाठवला. बाकी तिघांचे ठेवून दिले.

दुपारी एका पालकांचा फोन. "अहो मॅडम, चौघांचं जुळत होतं की!"

म्हटलं, "तारा निवडणुकीला उभा नाही."

ओजस बरोबर की सानिका, मला ठाऊक नाही. ते इतर ठिकाणच्या निरीक्षकांच्या आकड्यांवरून कळेल. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडायला ती मुलगी निघाली होती. हे तिला कोणी शिकवलं? आम्ही शाळेत, की तुम्ही घरी?