काच, नळी आणि भावकूअण्णा

गाडीला किक मारण्याआधी भावकूअण्णा सीटवर थाप मारतात, म्हशीला मारावी तशी. हेल्मेट घालण्याआधी टोपी काढून खिशात ठेवतात आणि हेल्मेट घातल्यावर टोपी कुठं गेली म्हणून शोधतात. चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसतात. सदरा इस्त्रीचा असला तर माझ्या सदऱ्याच्या टोकानं. वळताना हात दाखवतात, वळून झाल्यावर. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर हॉर्न वाजवत नाहीत. हॉर्न जनावरासाठी असतो, असं त्यांचं मत. माणसाला ते हाक मारतात. हेल्मेटच्या बंद काचेआडून. ती त्या माणसाला ऐकू जात नाही. मला जाते.

आमच्या पिरनवाडीपासून शहरातल्या टिळकवाडीपर्यंत त्यांच्या ओळखीचं नाही असं कुणी नाही.

मी रोज त्यांच्या मागं बसायचो. टिळकवाडीतल्या एका कॉलेजात ते लॅबमध्ये अटेंडर आहेत. मी तिथल्याच लायब्ररीत तात्पुरता आहे. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला जग तात्पुरतंच ठेवतं. मला गाडी येत नाही. अण्णांना येते, असं ते सांगतात.

उन्हाळ्यात येते. अडचण थंडीची आहे. मार्गशीर्ष लागला की आमच्याकडं सकाळी धुकं उतरतं. हेल्मेटची काच खाली घेतली की तिच्यावर आतून वाफ धरते. वर घेतली की थंड वाऱ्यानं अण्णांच्या डोळ्यांना पाणी येतं. आणि काचेच्या आत चष्मा आहे. त्यावरही वाफ धरते. म्हणजे धुक्याच्या आत धुकं, त्याच्या आत आणखी धुकं, आणि सगळ्यात आत भावकूअण्णा, बोलत.

गेल्या साली ते खडीच्या ढिगात शिरले. दोघांनाही फारसं लागलं नाही. ढीग तेवढा विस्कटला. घरी त्यांच्या बायकोनं, चंपाकाकूंनी, निकाल दिला.

"आणिक दोनदा पडशीला तर किल्ली मंथनच्या हातात जाईल. मग बसा जावयाच्या मागं."

मंथन म्हणजे त्यांचा जावई. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. गाडी इतकी जपून चालवतो की सायकलवाले त्याला ओलांडून जातात. चांगला मुलगा आहे. पण आमच्याकडं सासऱ्यानं जावयाच्या मागं बसून गावातून जायचं म्हणजे काय, ते सांगायला नको. लेक दिली, मांडवात पाय धुतले, आता त्याच्या खांद्याला धरून बसा. अण्णांनी त्याच दिवशी संशोधन सुरू केलं.

आधी बटाटा आला. काचेवर चोळायचा. काच पारदर्शक राहिली नाही, पण वास भाजीचा आला आणि अण्णांना वाटेत भूक लागली. मग टूथपेस्ट. मग भांडी घासायचा साबण, अगदी पातळ, बोटानं लावून फडक्यानं पुसलेला. हा उपाय खरं म्हणजे बरा होता. रेल्वेच्या तिसऱ्या गेटापर्यंत काच टिकली. पण जे थोड्यानं होतं ते भरपूर लावल्यावर जास्तच होणार, या तर्कानं अण्णांनी दुसऱ्या दिवशी चष्म्यालाही साबण चोपडला. डोळे झोंबायला लागले. दिवसभर ते लॅबमध्ये रडत होते. बीएस्सीच्या मुली येऊन विचारून गेल्या, घरी सगळं बरं आहे ना.

मग निपाणीहून मारुतीराव आले. चंपाकाकूंचे भाऊ, तंबाखूच्या वखारीत कारभारी. त्यांच्याकडं कशाचंही औषध तंबाखूच.

"दाजी, पूर्वी लॉरीवाले काय करायचे? वायपर बंद पडला की तंबाखू चोळायचे काचंला. पाणी थांबायची टाप न्हाय!"

जाताना त्यांनी पुडी दिली. बारीक, जर्द, वखारीतला खास माल. अण्णांनी ती मन लावून चोळली. काचेच्या आतल्या बाजूनं.

तो दिवस मी विसरणार नाही. अण्णांनी काच खाली घेतली, श्वास घेतला आणि शिंकले. बंद हेल्मेटमध्ये माणूस शिंकतो तेव्हा काय होतं, ते मागून दिसत नाही, नुसतं जाणवतं. ते पुन्हा शिंकले. गाडी डावीकडं गेली. डावीकडं म्हैस होती. म्हैस हलली नाही. आम्ही हललो.

मी रस्त्यावर बसलेलो असताना अण्णांनी तिथूनच निपाणीला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू आला.

"अहो, भायेरून लावायचा व्हता, दाजी! लॉरीवाला काय आत बसून आतली काच चोळतोय व्हय?"

आता एकच पडणं शिल्लक होतं.

माणूस कोंडीत सापडला की मोबाइल बघतो. अण्णांना त्यात बर्फावरून पळणारी गाडी सापडली. चाकं नाहीत, पुढं घसरपट्ट्या, मागं पट्टा. ती चालवणारी माणसं नखशिखांत गुंडाळलेली आणि काचा मात्र लख्ख. अण्णा लॅबमध्ये स्टुलावर बसून ते चित्र बघत राहिले.

"सौरव, हिकडं ये रं. हेंच्यात बर्फ पडतंय आणि काच साफ. आपल्यात नुसतं धुकं पडतंय तर आपण म्हशीवर. काय समजायचं?"

त्या लोकांच्या नाकातोंडावर एक झाकण असतं. श्वास काचेकडं जाऊच नये, खाली निघून जावा, अशी सोय. अण्णांना भाषा कळत नव्हती, पण बाण कळले. त्यांनी पाण्याची बाटली कापून झाकण केलं. लॅबमधली टाकून दिलेली रबरी नळी त्याला जोडली. नळी हनुवटीखालून जर्किनमध्ये सोडली. पिरनवाडीच्या रस्त्यावर बर्फाच्या देशातलं तंत्रज्ञान उतरलं. मी मागं बसून त्याला साक्षी राहिलो.

श्वास ठरल्याप्रमाणे खाली गेला. जर्किनमध्ये फिरला. गरम झाला. आणि कॉलरीतून वर येऊन चष्म्यावर बसला.

तिसऱ्या गेटाजवळ पोलिसानं हात केला. नळीकडं बघून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, हे काय म्हणून, "एन् री इदू?"

"उसिरु, सर," अण्णा झाकणाआडून म्हणाले. "श्वास. खाली सोडायलोय."

पोलिसानं वाकून नळीचं टोक शोधलं. मग मराठीत म्हणाला, "काका, एवढं बरं न्हाय तर दवाखान्यात जायचं. गाडी कशाला चालवालाय?" आणि मला म्हणाला, "तू शिकलेला दिसतोस. सांगत न्हाईस व्हय?"

अण्णांनी नळी लांब केली. आता ती जर्किनच्या खालून बाहेर निघून मांडीवर पडायची. श्वास खरोखर बाहेर जायला लागला. फक्त अण्णा बोलले की आवाजही तिकडूनच बाहेर यायचा, गुडघ्याजवळून. त्यांना ते पटलं नाही. उद्यमबाग आली, ओळखीची माणसं दिसली की ते झाकण खाली ओढायचे, बोलायचे आणि काच पांढरी व्हायची. मग झाकणाला दोष द्यायचे.

याच सुमाराला त्यांची दाढ काढली. दवाखाना पिरनवाडीतच. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाढेत दाबून दिला आणि बजावलं, बोलायचं नाही. तिथून आम्ही तसेच कॉलेजला निघालो. झाकण घरी राहिलं होतं. साबण नाही, बटाटा नाही, तंबाखू नाही. धुकं मात्र आठवड्यातलं सगळ्यात दाट.

अण्णा गप्प होते. चहावाला तम्मण्णा हात करत होता, अण्णांनी नुसती मान हलवली. उद्यमबाग गेली. तिसरं गेट गेलं. कॉलेजच्या फाटकात त्यांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं, आणि मी बघितलं. काच लख्ख. चष्मा लख्ख. थंडी लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी रस्त्याचे खड्डे चुकवले होते.

मी थक्क झालो. एवढ्या दिवसांत मला ते का सुचलं नाही? मी तर रोज मागं बसून ऐकत होतो.

दुपारी कापूस निघाल्यावर अण्णा म्हणाले, "साबणाचा गुण. उशिरा लागू झाला."

"अण्णा, साबण न्हाय. तुम्ही बोलला न्हाईसा."

"म्हंजे?"

"तुम्ही गप्प बसला की वाफ धरत न्हाय. बोललासा की धरती."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेतोय, असं बघणं होतं ते.

"आणि ती बर्फातली माणसं?"

"ती एकेकटी असतात, अण्णा. बोलणार कुणाशी?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंड बंद ठेवलं. उपाय इतका स्वस्त आणि इतका गुणकारी की सरकारनं त्याची जाहिरात करावी. काच साफ, रस्ता साफ, किल्ली खिशात. चंपाकाकूंनी आनंदानं मला लाडू दिला. मी मात्र मागं बसून कंटाळलो. आधी मला रोज कळायचं की कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या शेतात उसाला तुरा आला. आता मला फक्त इंजिन कळत होतं. मी त्यावर कविता करायचा प्रयत्न केला. इंजिनवर कविता होत नाही.

रस्त्यावरचे लोक तर घाबरलेच. पहिल्यांदा तम्मण्णा घरी आला. चंपाकाकूंना म्हणाला, "वहिनी, आण्णा माझ्यावर चिडलाय काय? हाक मारल्याशिवाय जातोय. माझं काय चुकलं सांगा तरी." मग गल्लीतला एक आला. मग शेजारच्या वाडीतलं एक माणूस आलं आणि तब्येत विचारून केळी ठेवून गेलं. ज्या हाका त्यांना कधी ऐकूच येत नव्हत्या असं मी समजत होतो, त्या सगळ्यांना रोज दिसत होत्या. काचेमागं पांढरं झालेलं तोंड हलायचं. तेवढं त्यांना पुरायचं.

आठवडाही झाला नसेल. एका सकाळी मी नेहमीच्या कोपऱ्यावर हेल्मेट घेऊन उभा होतो. गाडी आली. पुढं मंथन होता. अण्णा मागं.

ते पडले नव्हते. म्हशीला शिवले नव्हते. कुणी मागितली नसताना त्यांनी आदल्या संध्याकाळी किल्ली स्वतः जावयाच्या हातात दिली होती. ज्या मागच्या सीटला घाबरून त्यांनी बटाट्यापासून बर्फापर्यंतचा प्रवास केला, तिच्यावर ते आपण होऊन जाऊन बसले होते.

मंथननं गाडी हळू केली. तो ती तशीही हळूच चालवतो. त्याची मान ताठ होती. मागं अण्णांच्या हेल्मेटची काच दुधासारखी पांढरी झाली होती, आणि आतून आवाज चालू होता. त्यांना आता काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. जे समोर अंधुक उभं दिसेल त्याला ते हाक मारत होते.

"व्हय गा! बरं हाय न्हवं?"

ती हाक विजेच्या खांबाला होती. मी खांबाच्या शेजारी उभा होतो.

गाडी पुढं गेली. मी सिटी बसनं गेलो. बसमध्ये सगळे बोलत होते, माझ्या चष्म्यावरही वाफ धरली.

लॅबमध्ये मी त्यांना विचारलं, "अण्णा, गावात लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. मी पण म्हणतोय न्हवं आता." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगं चांगलं चालवतंय. पण ऐकत न्हाय. नुसतं व्हय, मामा, व्हय, मामा. तुझ्यागत इचारत न्हाय, पुढं काय झालं म्हणून."

ते दाराकडं गेले. तिथं खिळ्याला बाटलीचं झाकण लटकत होतं, लांब नळीसकट. त्यांनी ते काढून फुंकर मारून धूळ उडवली.

"हेला तोंडासमोर एक भोक पाडायला पायजे. श्वास नळीतनं खाली, बोलणं भोकातनं पुढं. मग मी परत चालवतो बघ. तू बस मागं. आयतवारी पाडतो."

बोलणं भोकातून पुढं गेलं तर वाफही त्याच वाटेनं जाईल, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी एम.ए. मराठी आहे. विज्ञानात मी पडत नाही.

त्यानंतर बरेच आयतवार गेले. झाकण अजून खिळ्यालाच आहे. तोंड येतं तिथं त्यांनी पेन्सिलीनं गोल काढून ठेवलाय. भोक पाडायचं राहिलंय.