नखाएवढे कार्बन

त्या मिस्त्रीला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. चारला गाडी देतो म्हणाला की चारला गाडी पुसूनबिसून दारात उभी. पंचवीस वर्षांत त्याने कुणाला ‘उद्या या’ म्हटलं नव्हतं, आणि याची त्याला मनातून भारी घमेंड होती. बायको म्हणायची, “जेवायलाच तेवढा उशीर होतो तुम्हाला.”

एका सोमवारी टेकडीवरच्या वस्त्यांवर जाणारी नर्स दवाखान्याची जुनी गाडी घेऊन आली.

“फोर व्हीलचं बटण दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो, मिस्त्री. पुढची चाकं ओढतच नाहीत. उद्या वर जायचंय मला.”

“चारला घेऊन जा, सिस्टर.”

त्याने गाडीखाली शिरून मोटर उतरवली. असेल दोन मुठींएवढी. बटण दाबलं की हिने फिरायचं आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही जोडून द्यायची, एवढंच तिचं काम. उघडली तर आत गंजाचं पाणी, आणि मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन झिजून नखाएवढे उरलेले. नवे मागवायचे तर दोन दिवस. त्याने भिंतीकडे पाहिलं. पावणेतीन.

त्याने गंज खरवडला, कार्बनमागच्या स्प्रिंगा ओढून जरा ताठ केल्या, ग्रीस भरलं आणि मोटर बसवली. बटण तीनदा दाबलं. दोनदा दिवा लगेच स्थिर झाला, तिसऱ्यांदा अडखळून. एरवी तो पुढचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघायचा. फोर व्हील लागलं असेल तर ते जागचं हलत नाही. त्या दिवशी त्याने जॅक काढलाच नाही.

“झाली?” चारला नर्सने विचारलं.

“झाली.”

दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीत एक बाई अडली होती. चिकणमातीच्या चढावर नर्सने बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला, गाडी मागे घसरली आणि चरात कलंडली. उतरताना नर्स उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. तशीच ती बॅग खांद्याला लावून तासभर चढली, आणि बाळंतिणीच्या सासूला एकेक गोष्ट तोंडाने सांगत तिच्या हातून बाळंतपण पार पाडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

हे सगळं मिस्त्रीला दवाखान्याच्या कंपाउंडरने सांगितलं, वर हसत. “थांबून दाबायचं ते बटण चालत्या गाडीत दाबलं म्हणे. तिनेच लिहून दिलंय, चूक माझी म्हणून. आता डॉक्टरसाहेब तिला वर पाठवणार नाहीत.”

मिस्त्रीने साखळी लावून गाडी ओढून आणली. नवे कार्बन मागवले, मोटर नीट केली, दवाखान्याकडून काही घेतलं नाही. त्याला वाटलं होतं, एवढं केलं की जीव थाऱ्यावर येईल. आला नाही. ताटावर बसायचा आणि भात नुसता चिवडायचा. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं.

“मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली.

तो नर्सच्या घरी गेला तेव्हा ती डाव्या हाताने कपडे वाळत घालत होती. चिमटा दातांत धरलेला. त्याने खिशातून जुने कार्बन काढून कट्ट्यावर ठेवले.

“हे संपलेले होते, सिस्टर. मला दिसलं होतं. तरी झाली म्हणालो.”

तिने चिमटा हातात घेतला. “का?”

“चारचा वायदा केला होता.”

तिने हातातला चिमटा दोरीला लावला. मग म्हणाली, “नाही झाली म्हणाला असता, तर मी दुसरी गाडी मागितली असती.”

“हो.”

“आठ दिवस मी मनात रोज तो चढ चढतेय, मिस्त्री. माझं कुठं चुकलं, ते शोधतेय.”

त्याला मान वर करवेना.

“हे साहेबांना लिहून द्या,” ती म्हणाली.

त्याने लिहून दिलं, वेड्यावाकड्या अक्षरात, सहीसकट. साहेबांनी नर्सचा जबाब फाडून टाकला आणि प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा वर जाऊ लागली. दवाखान्याच्या बाकी गाड्या दुसऱ्या गॅरेजला गेल्या. मिस्त्रीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अलीकडे तो गिऱ्हाईकाला ‘उद्या या’ म्हणतो, आणि म्हणताना दर वेळी त्याचा चेहरा उतरतो.

नर्स मात्र आपली गाडी त्याच्याकडेच आणते. पूर्वी ती किल्ली ठेवून निघून जायची. आता काम होईपर्यंत स्टुलावर बसून राहते.

“चाक उचला,” ती शेवटी म्हणते.

तो जॅक लावतो. ती वाकून डाव्या हाताने चाक ढकलून बघते. उजव्यात अजून तेवढा जोर नाही. चाक हलत नाही. “बरं,” म्हणते आणि गाडी घेऊन जाते. माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही, आणि विचारायचा धीर त्याला आजवर झालेला नाही.