कोंडाईबारीतली सुतळी

मी दुसऱ्या तासाला वर्गात होतो. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "तुमचे भाऊ घाटात अपघातात गेले." मी खडू ठेवला आणि बाहेर आलो.

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा अर्ध्यावर पान उलटतो. भूतखेत, चकवा, अंगात येणं – यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. माझा मोठा भाऊ नाना यावरून मला चिडवायचा. "तुले देवबी पुस्तकमा लिखेल पाहिजे," म्हणायचा. मी आजही मानत नाही. पण एक गोष्ट मला सुटलेली नाही. ज्यांच्यामुळे गप्प बसलो होतो ती माणसं आता उरली नाहीत, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही मूळचे नरडाण्याकडचे. मी धुळ्याला शाळेत शिकवत होतो. अक्का, म्हणजे आमची बहीण, जळगावला दिलेली. तिच्या नवऱ्याचे – दाजींचे – दोन ट्रक होते आणि त्यांतला एक नाना चालवायचा. कापसाच्या गाठी घेऊन धुळे, साक्री, कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेकडे, असा त्याचा रस्ता. शंभरदा गेलेला. त्या सकाळी घाटाच्या शेवटच्या वळणांवर गाडी डोंगरावर आदळली. स्टिअरिंग छातीत बसलं.

"झोप लागली असणार," दाजी म्हणाले. मग सगळेच म्हणाले. पोलिसांना द्यायचा जबाब घरातला शिकलेला माणूस म्हणून मीच लिहिला. दाजी सांगत गेले आणि मी वळणदार अक्षरात उतरवत गेलो – सतत गाडी चालवल्यामुळे चालकास झोप लागली असावी. नाना दोन खेपांमध्ये एक दिवस तरी घरी झोपायचा, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी आणायला निघालो. ती घाटाच्या पायथ्याशी रस्त्याकडेला उभी करून ठेवलेली होती. आम्ही तिघे – दाजी, मी आणि दाजींच्या दुसऱ्या ट्रकचे ड्रायव्हर यासीनभाई. यासीनभाई धुळ्याचे, नानाचे दोस्त. मोडलेली गाडी साखळीने बांधून घाट चढवायची आणि तशीच ओढत धुळ्यापर्यंत न्यायची, असं ठरलं होतं.

टो करायची एक रीत आहे, ती सांगायला हवी. पुढची गाडी ओढते. मागच्या गाडीत एकजण स्टिअरिंगवर बसतो आणि साखळी ढिली पडली की ब्रेक दाबतो. चढावर आणखी एकजण मागच्या चाकाजवळून लाकडी ठोकळा घेऊन चालतो. साखळी तुटलीच तर ठोकळा चाकामागे टाकायचा. मागच्या गाडीचा गिअर धक्क्याने लागू नये म्हणून दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून सुतळीने बांधून टाकतात.

दाजींना गाडी चालवता येत होती. मागच्या गाडीत त्यांनीच बसायचं, हे उघड होतं. पण ते केबिनपाशी गेले आणि मागे आले.

"त्या सीटवर मी नाही बसणार. माणूस गेलाय तिथे."

"मी बसतो," मी म्हणालो. मला असल्या गोष्टींची भीती नव्हती. आणि ती जागा नानाची होती.

यासीनभाईंनी मला पंधरा मिनिटं शिकवलं. ब्रेक कुठला, स्टिअरिंगचं चाक किती फिरवायचं. दांडा त्यांनी स्वतः बांधला, तीन गाठी मारून. "दांडाले हात लावू नको, मास्तर. आनि शाळामा पोरे हाकलस तशी गाडी हाकलू नको. हाई ऐकनार नही." मी हसलो. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

अकराच्या सुमाराला चढ लागला. ऊन रणरणत होतं. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडली होती. पहिली दोन वळणं दाजी ठोकळा घेऊन मागून चालले. मग यासीनभाईंनी इंजिन गार करायला गाडी थांबवली, तेव्हा दाजी घाम पुसत पुढच्या केबिनमध्ये जाऊन बसले. ठोकळाही सोबत नेला. मी ते पाहिलं. बोललो नाही. मोठ्या माणसाला काय सांगायचं…

तिसऱ्या वळणावर साखळी तुटली.

आवाज फार मोठा झाला नाही. पुढची गाडी एकदम लांब गेली आणि माझी थांबली. क्षणभर थांबली, आणि मग मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबला. पाय सरळ पत्र्याला जाऊन लागला. पुन्हा दाबला. तिथे काहीच नव्हतं… पाणी ओतून घेतलेल्या घागरीसारखं मोकळं. आरशात रस्ता दिसत होता, त्याच्या मागे दरी होती. दोन्ही हातांनी मी चाक धरून ठेवलं होतं. ते सोडलं नाही, हे मी शपथेवर सांगतो, कारण बोटं नंतर यासीनभाईंनी एकेक करून उघडली.

मग डाव्या बाजूला, अगदी माझ्या गुडघ्याजवळ, कडाड् असा आवाज झाला. गाडीला असा हिसका बसला की कपाळ चाकावर आपटलं. गाडी थांबली. मागचं चाक रस्त्याच्या कडेपासून वीतभर आत होतं.

यासीनभाई धावत आले. आधी चाकामागे दगड लावले, मग केबिनमध्ये डोकावले.

"गिअर कोनी टाका?"

"मी हात लावला नाही."

"मंग सुतळी कोनी सोडी?"

मी खाली पाहिलं. दांडा पहिल्या गिअरमध्ये होता. सुतळी तुटलेली नव्हती. ती माझ्या शेजारी सीटवर पडली होती – चार बोटांवर गुंडाळलेली, टोक आतून काढून मधे खोचलेलं. आमच्या घरी वाण्याच्या पुड्यांची सुतळी असायची ती अशीच गुंडाळलेली असायची. गुंडाळणारा एकच होता – नाना. यासीनभाईंनीही ती पाहिली, आणि हात मागे घेतला. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात दाजी पोहोचले. "ब्रेक दाबायला काय झालं होतं तुला? पोरांना बाराखडी शिकवतोस आणि एवढं कळत नाही?"

यासीनभाई गाडीखाली गेले. बराच वेळ खाली होते. बाहेर आले ते दाजींकडे न बघता बोलले.

"पाइप बठ्ठा शाबूत शे. अपघातमा काहीच तुटेल नही. तेल जुना जोडमाईन कधीनंच गळी गयं, वर धूळ बसेल शे. नाना तीनदा बोलना व्हता तुमले, मना समोर. मंग तुम्ही माले सांगं, बेरेक करी लिधा. म्हनीसन मी मास्तरले बसाडं."

दाजी रुमालाने मान पुसत राहिले.

"पुढच्या खेपेला करणार होतो," ते म्हणाले. "हंगाम होता."

"म्हणून तुम्ही त्या सीटवर बसला नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "अक्काला सांगायचंय? सांग. उद्या ती माहेरी येऊन बसली, तर तू सांभाळ."

साखळी पुन्हा जोडली. पुढची गाडी दाजींनी घेतली, मागच्या गाडीत यासीनभाई बसले. दांडा त्यांनी स्वतःच्या रुमालाने बांधला. सुतळीला हात लावला नाही, ती मी खिशात घातली. मी ठोकळा घेऊन घाटमाथ्यापर्यंत मागून चालत गेलो. माथ्यावर पोहोचल्यावर पायांकडे लक्ष गेलं, तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

मी खूप विचार केला आहे. हादऱ्याने गाठ सुटते, मान्य. हादऱ्याने दांडा जागचा सरकतो, मान्य. उतारावर मागे जाणारी गाडी गिअरमध्ये पडली तर थांबते, हेही यासीनभाईंनी नंतर समजावलं. पण हादऱ्याने सुतळी गुंडाळली जात नाही. भीतीने मीच सगळं केलं आणि विसरलो, असं एका डॉक्टर मित्राचं मत आहे. मला ते पटलं असतं. पण त्या तीन गाठी सोडायला दोन हात लागतात, आणि माझे दोन्ही हात चाकावर होते.

नाना आला होता की नाही, ते मला सांगता येत नाही. आला असेल, तर मला त्याचा राग येतो. एवढं जमत होतं तर कापसाच्या गाठींनी भरलेली गाडी उतारावर सुटली, त्या सकाळी कोणी का आलं नाही? आणि स्वतःचा राग तर येतोच. ब्रेक मी पायाने पाहिला. जबाब बदलायला पोलिसांकडे गेलो नाही. घाटातून घरी आलो तेव्हा तेराव्याला आलेल्या अक्काने विचारलं, "गाडी नीट आली ना?" मी "हो" म्हणालो.

दाजी गेले. यासीनभाई त्यांच्याही आधी गेले. अक्का जळगावात पिंप्राळ्याला एकटी असते. तिला वाचता येत नाही, पत्रं-मासिकं मीच वाचून दाखवतो. हे वाचून दाखवणार नाही. नानाचा विषय निघाला की ती आल्यागेल्याला सांगते, माझ्या भावाला झोप आवरली नाही. मी तिथेच बसलेला असतो.