वर्कशॉपमधलं बाळ

आम्ही कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे येतात, त्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. माझ्या समोरच्या टेबलावर बसते तिला सगळे कवळीताई म्हणतात. कवळ्या सगळ्याच करतो, पण नाव तिलाच चिकटलं. एखादा दात ती मुद्दाम किंचित वाकडा लावते. "म्हाताऱ्या माणसाचं तोंड आहे, इतकं सरळ कसं असेल?" म्हणते.

तिचं लग्न उशिरा झालं. वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ परगावी. सगळं हिनंच केलं. वडील गेले तेव्हा चाळिशी आली होती. मग लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस भेटला. आमच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद पडायची. पुढंपुढं तर आम्हाला संशय यायला लागला की हा बाबा मुद्दाम अर्धवट दुरुस्ती करून जातोय. तोही बिनलग्नाचा राहिलेला, तिच्याहून थोडा मोठा. लग्न झालं आणि लिफ्टही सुधारली.

"आम्हाला मूल हवंय," एकदा जेवणाच्या सुट्टीत ती मला म्हणाली. अगदी सहज म्हणाली, पण डबा उघडलाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या, "पण वेळ दवडू नका. आणि इंजेक्शनं, पुढचे उपचार, त्यांचाही विचार करून ठेवा." कवळीताईनं तिथंच नकारार्थी मान हलवली. वडिलांच्या हाताला सुई टोचायला जागा उरली नव्हती, ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. "झालं तर आपलं आपण होऊ दे," बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "नाहीतर नाही." त्यानंही लगेच हो म्हटलं. तेव्हा दोघांनाही ते सोपं वाटलं होतं.

मग महिन्यातले ठरावीक दिवस आले की ती फोन करायची. "अहो, आज लवकर या." एवढंच. आम्ही बायका माना खाली घालून हसू दाबायचो. एकदा नेमकी त्याच संध्याकाळी कुठल्याशा ऑफिसची लिफ्ट माणसांसकट अडकली. तो घरी आला तो ग्रीसनं काळा होऊन, आणि बुटाची नाडी सोडता सोडताच झोपला. "उठवावं की नको, ते ठरवता ठरवता मीपण आडवी झाले," तिनं हसत सांगितलं. मी हसले नाही.

दर महिन्याला एक दिवस असा यायचा की ती बाथरूममधून परत येऊन गुपचूप कानस उचलायची. मग मी रेडिओ मोठा करायची.

आणि एका सकाळी ती म्हणाली, "माझं टेबल खिडकीपाशी सरकव गं. तो वास नको आता मला." कवळीसाठी जे औषध कालवतो त्याचा वास डोक्यात जातो. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ओठ घट्ट दाबून मान डोलावली. मी हातातलं काम टाकून टेबल ओढलं.

नवऱ्यानं त्याच दिवशी त्याच्या लिफ्टवाल्यांच्या अख्ख्या वर्कशॉपला सांगून टाकलं. "अहो, थोडं थांबायचं होतं!" ती रागावली. "तोंडातून निघून गेलं गं," तो म्हणाला.

पुढच्या तपासणीला बाळाचे ठोके लागले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी हळूच स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. यात कुणाची चूक नाही, या वयात असं होतं, वगैरे सांगितलं. ती कामावर परत आली आणि तिनं स्वतःच टेबल ओढून जुन्या जागी आणलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याच्या मुख्य मेकॅनिकची बायको आमच्याकडे आली. हातात भली मोठी पिशवी. झबली, टोपरी, दुपटी.

"माझ्या नातवाची आहेत. अगं, पण तुझं पोट कसं दिसत नाही अजून? तुझे अहो तर म्हणत होते, चांगल्या लाथा मारतंय म्हणून!"

आमचे सगळ्यांचे हात थांबले. कवळीताईनं सुरी खाली ठेवली, बोटांचं मेण पुसलं आणि पिशवी घेतली. "बसा ना," ती म्हणाली, "चहा घेणार?"

घरी गेल्यावर काय झालं ते तिनंच मला सांगितलं. तो मोरीत हात धूत होता.

"अहो, लाथा मारतंय?"

तो हात धूतच राहिला.

"कधीपासून सांगताय असं?"

"मी सांगत नव्हतो. ते विचारायचे. पहिल्यांदा 'बरंय' म्हटलं, मग परत विचारलं..." नळ चालूच होता. "घरात आपण दोघं तर गप्पच. तिथं रोज कुणीतरी त्याची चौकशी करायचं. तिथं तरी ते होतं गं."

इतके दिवस तिला वाटत होतं, हा सावरलाय. स्वयंपाक करायचा, तिला बळेबळे जेवायला लावायचा, एकदाही रडला नव्हता. तिनं नळ बंद केला. "आणखी काय काय सांगितलंत?" तिनं विचारलं.

मुलगी असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. लिफ्ट खाली जाताना हसेल आणि वर जाताना रडेल, असं एक जण म्हणाला होता. तो सांगत गेला, ती विचारत गेली. त्या संध्याकाळी घरात कुणी दिवाही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. "बाळ केव्हाच गेलं," तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. "यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मी आले." मुख्य मेकॅनिकनं मशीन बंद केलं. "कपडे असू दे तुझ्याकडे, ताई," तो म्हणाला. "पुढं लागतील."

लागले नाहीत. दोघं वाट बघत राहिली, आणखी बराच काळ. मग तिची पाळी मागंपुढं व्हायला लागली, आणि थांबली. कपडे तिनं भाचीला पाठवून दिले.

परवा मी धीर करून विचारलं, "अजून वाटतं का गं?"

"वाटतं ना. दुखत नाही आता. जेवण झाल्यावरही भूक राहावी ना, तसं."

थोड्या वेळानं आम्ही खाली उतरलो. तो फाटकापाशी उभा होता. त्याला चपला घ्यायच्या होत्या, आणि हिच्याशिवाय त्याला पसंत करता येत नाहीत. दोघं बाजाराच्या दिशेनं गेली.