जीपपाशी उभा मुकादम

माझ्या डाळमिलमधल्या बायकांना हैदराबादला बांधकामावर नेणारा तो मुकादम मला बीदरच्या नाक्यावर एकदाच भेटला. मी मजुरी कधी थकवली नव्हती. तरी त्या ऐन तुरीच्या हंगामात निघाल्या, हे अजून सलतं.

जीपच्या तापलेल्या पत्र्यावर त्यानं आपला टॉवेल अंथरला होता. "शांताक्का, दमानं चढ," म्हणत तो एकेकीला हात देत होता. मी भांडायला लागलो, तरी तो चिडला नाही.

"सावकार, कामून वरडायलाव? नाव घेऊन बोलवा. एक जरी उतरली तर सगळ्या घेऊन जावा."

मिलमध्ये आम्ही बायकांना त्यांच्या गावावरूनच हाक मारायचो. मी म्हणालो, "ए जनवाड्याची, उतर खाली."

तिघींनी वळून पाहिलं. त्यातल्या, मिल सुरू झाल्यापासून माझ्याकडं असलेल्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. पण उतरली तीही नाही.